मोटार जुंपून पाहावी

मुकुंद मंद्रूपकर हा माणूस पराकोटीचा भिडस्त. मंडईत भेंडी घेताना शेंडा मोडून ती कोवळी आहे की जून हे सगळं जग बघतं. मुकुंदाच्या हातून तेवढंही होत नसे. भाजीवालीला काय वाटेल! शिंप्यानं सदरा आखूड शिवला, तर हात फार वर करायचा नाही एवढंच तो लक्षात ठेवी. सोलापुरातल्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा. रेषा आणि रंग यांच्यावर त्याचा जीव होता, आणि त्याहून जास्त आपल्या बायकोवर.

बायको दुर्गा ही बायकांची डॉक्टर. मुंबईची परीक्षा देऊन आल्यावर पाच-सहा वर्षांत तिचं असं नाव झालं, की शहरातून बोलावणी येतच, पण अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंगपासून थेट दुधनीपर्यंत कुठं कोणी बाई अडली की लोक म्हणत, "मंद्रूपकर बाईला आणा." शहरात ती टांग्यानं फिरे. खेड्यावर जायचं तर उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीची वाट बघायची, नाहीतर बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. शेवटी दोघांनी काटकसर करून स्वतःची मोटार घ्यायचं ठरवलं. ते साल १९३४.

"तुमची नजर चांगली आहे," दुर्गा म्हणाली, "तुम्ही जरा बघून ठेवा. मग आपण दोघं जाऊन ठरवू."

मुकुंद बघायला गेला आणि फसला. म्हणजे त्याला कोणी फसवलं नाही, तो आपणहून फसला. स्टेशनाकडच्या रस्त्यावर वेणीमाधवराव नावाच्या गृहस्थांची मोटारींची एजन्सी होती. तिथं दर्शनी भागात एक बंद टपाची मोटार उभी होती. जांभळाच्या रसासारखा रंग, लांब, ठेंगणी, नाकापासून शेपटापर्यंत एका हातानं ओढावी अशी रेष. मुकुंद तिच्याभोवती तीनदा फिरला. आपल्या वर्गातल्या मुलांना वळणदार रेषा म्हणजे काय ते इथंच आणून दाखवावं, असं त्याला वाटलं.

वेणीमाधवराव म्हणाले, "मास्तर, चला, एक फेरी मारून येऊ. बाईंना कुठं कुठं जावं लागतं तिकडं नेऊन बघू. त्यांनाही बसवू."

"छे, छे!" मुकुंद गडबडीनं म्हणाला. "तुमच्या शब्दावर भरवसा नाही असं का आहे?"

खरी गोष्ट अशी, की एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासाठी धुळीत न्यायचं आणि मग 'नको' म्हणायची वेळ आली तर काय, या धास्तीनंच त्याला घाम फुटला होता. शिवाय दसरा चार दिवसांवर आला होता. दुर्गाला न सांगता दसऱ्याच्या दिवशी मोटार दारात उभी करायची, ही कल्पना डोक्यात आली आणि ती काही केल्या जाईना.

दसऱ्याला मोटार दारात आली. झेंडूचा हार, आपट्याची पानं, गल्लीतली सगळी मंडळी भोवती. दुर्गा बाहेर आली. तिनं आधी चाकांकडं पाहिलं, मग किंचित वाकून गाडीच्या खाली पाहिलं, आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. मुकुंदाचं तोंड लहान मुलासारखं फुललं होतं.

"सुंदर आहे," ती म्हणाली.

आणि मान वाकवून आत बसली.

गाडी चालवायला शिवप्पाला ठेवला. हा दुधनीकडचा, घरी कानडी बोलणारा, पूर्वी टांगा हाकायचा आणि नंतर एका सर्व्हिस मोटारीवर शिकून तयार झालेला. बोलणं कमी. 'हौद' म्हणाला म्हणजे हो, आणि काहीच म्हणाला नाही म्हणजे नाही, हे ओळखायला मुकुंदाला आठवडा लागला.

पुढचे दोन-अडीच महिने मुकुंद हवेतच होता. रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती एक फेरी व्हायची. शाळेतले मास्तर लोक दारावर हात फिरवून बघायचे. "कशी चालते गं गाडी?" असं त्यानं विचारलं की दुर्गा म्हणायची, "छान." तिला परत यायला पूर्वीइतकाच उशीर होतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण रोगी वाढले असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

नाताळची सुट्टी लागली. एका सकाळी वळसंगच्या पुढच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. कोंडीबा नावाच्या शेतकऱ्याची सून मथुराबाई, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडली होती. सर्व्हिस मोटारीच्या माणसाबरोबर निरोप पाठवून कोंडीबा स्वतः बैलगाडी घेऊन सडकेवर थांबला होता.

"आज मीही येतो," मुकुंद म्हणाला.

दुर्गा क्षणभर घुटमळली. "धूळ फार असते हो."

"असू दे की."

वळसंगपर्यंत खडीची सडक होती. गाडी सुरेख गेली. गाव मागं पडल्यावर एका कडुलिंबाखाली शिवप्पानं ती थांबवली. तिथं कोंडीबा उभा होता, पांढरंशुभ्र पागोटं, हातात कासरा. दुर्गा पिशवी घेऊन सवयीनं खाली उतरली.

"इथं का थांबलो?" मुकुंदानं विचारलं.

शिवप्पानं बाईंकडं पाहिलं आणि काहीच बोलला नाही.

"गाडी पुढं जात नाही," दुर्गा सावकाश म्हणाली. "इथून मी बैलगाडीनं जाते. जवळच आहे, दीड कोस."

"जात नाही म्हणजे? वाट तर चांगली रुंद दिसतेय! तुम्ही लोकांनी कधी नेऊनच पाहिली नसेल. बाई अडलीय तिकडं, बैलगाडीनं कशाला वेळ घालवायचा? शिवप्पा, घे पुढं."

जन्मात कोणाला हुकूम न केलेल्या माणसानं हुकूम केला तो नेमका त्या दिवशी. शिवप्पानं पुन्हा बाईंकडं पाहिलं. दुर्गाच्या मनात काय आलं कोण जाणे, ती मुकाट्यानं आत बसली.

काळ्या रानातली ती वाट. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकांनी चिखलात हातभर खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आणि आता मार्गशीर्षात त्या वाळून दगडासारख्या झालेल्या. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध मातीचा उंच वरंबा. शे-दीडशे पावलं गाडी कशीबशी गेली. मग खालून खर्रर्र असा आवाज आला, गाडीचं पोट त्या वरंब्यावर टेकलं आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. शिवप्पानं पुढं घेतली, मागं घेतली. गाडी म्हशीसारखी बसली ती बसलीच.

त्याहून वाईट म्हणजे दोन्ही बाजूंना कंबरेच्या वर ज्वारी उभी होती आणि मागून येणाऱ्या कोंडीबाच्या बैलगाडीला वाटच उरली नव्हती. ज्या मोटारीनं वेळ वाचवायचा, तीच मोटार वाट अडवून बसली!

दुर्गानं एका शब्दानंही दोष दिला नाही. पिशवी उचलली, पदर खोचला आणि ज्वारीच्या बांधावरून चालायला लागली. मुकुंद धावत तिच्या मागं गेला आणि पिशवी हातातून घेतली. दीड कोस दोघं जवळजवळ पळतच गेली. वाटेत त्यानं एकदाच विचारलं, "रोज असंच?"

"रोज नाही," ती धापा टाकत म्हणाली. "इतर दिवशी बैलगाडी असते."

वस्तीवर पोचल्यावर दुर्गा आत गेली आणि मुकुंद गोठ्याच्या सावलीत दगडावर बसला. आतून येणारा एकेक आवाज त्याच्या काळजात रुतत होता. आपण उतरलो असतो आणि बैलगाडीनं आलो असतो, तर केव्हाच पोचलो असतो. हा हिशेब तो पुन्हा पुन्हा मांडत होता. सूर्य माथ्यावर आला तेव्हा आतून पोराचं रडणं ऐकू आलं. कोंडीबाची बायको रंभाबाई दारात येऊन म्हणाली, "मास्तर, लेक झाली! दोगी बी हायेत." मुकुंदानं डोळे पुसले ते तिला दिसू नये म्हणून तो गोठ्यातल्या वासराकडं बघत राहिला.

पण काम संपलं नव्हतं. मथुराबाईचा रक्तस्राव दुर्गानं थांबवला होता, तरी चार दिवस तिला इस्पितळात ठेवणं बरं, असं तिचं मत पडलं. तोवर कोंडीबानं बैल सोडून, विहिरीवरच्या मोटेचा जाड नाडा मोटारीला बांधून तिला मागं ओढून सडकेवर काढलं होतं. बाळंतिणीला बाजेवर घालून चौघांनी तिथवर आणली. आणि तिथं मुकुंदाला दुसरी गोष्ट कळली. त्या ठेंगण्या, सुबक गाडीत आजारी माणसाला आडवं करायला जागाच नव्हती. दरवाजा एवढासा, बाक एवढंसं. शेवटी मथुराबाईचं डोकं दुर्गाच्या मांडीवर, पाय दुमडून दाराला टेकवलेले, पुढं रंभाबाई बाळाला घेऊन बसलेली, अशी गाडी सावकाश निघाली. मुकुंदाला जागा उरली नाही. तो सर्व्हिस मोटारीची वाट बघत कोंडीबाबरोबर लिंबाखाली थांबला.

दोघं बुंध्याला टेकून बसले. मग कोंडीबानं चंची काढली, पान पुढं केलं आणि म्हणाला, "मास्तर, रागावनार नसला तर येक इचारू?"

"विचारा की."

"ही गाडी घेतली तवा हितं आनून बगितली न्हाय व्हय?"

"नाही."

"बरं, बाईंना बसवून?"

"नाही," मुकुंद म्हणाला. त्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

कोंडीबा हसला नाही. "आमी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रंत बैल घेतो तवा दात बगतो, खूर बगतो. मंग भरल्या गाडीला जुंपून वढ्याच्या वाळूतनं वढाय लावतो. येक डाव न्हाय, दोन डाव."

"आणि बैलवाल्याला राग येत नाही?"

"राग कशापायी? त्याचा बैल चांगला आसंल तर त्योच म्हनतो, जुंपून बगा की." कोंडीबानं पानाला चुना लावला. "आन् ज्याला राग येतो, त्याचा बैल घिऊच ने."

सर्व्हिस मोटारीत कोंबलेल्या माणसांत उभं राहून मुकुंद घरी आला. वाटभर तेच वाक्य त्याच्या डोक्यात घुमत होतं. पस्तिशी उलटून गेली तरी ही साधी गोष्ट आपल्याला कोणी सांगितली नव्हती. किंवा सांगितली असेल. आपणच भिडेपोटी ऐकली नसेल.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून दुर्गा परतली. मथुराबाईला आराम होता. चहा झाल्यावर मुकुंद म्हणाला, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"दसऱ्याला तुमचं तोंड तुम्ही पाहिलं नाहीत," ती म्हणाली. "मी पाहिलं. शिवप्पालाही मीच बजावलं होतं, मास्तरांना बोलायचं नाही." मग कप खाली ठेवून म्हणाली, "पण चूक माझीही आहे. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगते, दुखतं ते अंगावर काढू नका, पहिल्या दिवशी सांगा. आणि घरात मात्र मी अडीच महिने अंगावर काढलं. काल त्या बांधावरून पळताना मला तुमचा राग आला होता. फार आला होता."

"यायलाच हवा होता," मुकुंद म्हणाला. आणि आश्चर्य असं, की हे ऐकून त्याला बरं वाटलं. "गाडी विकू या. दुसरी घेऊ. या वेळी तू बघायची."

"दोघांनी बघायची," दुर्गा म्हणाली.

वेणीमाधवरावांकडं जाताना मुकुंद दोनदा अर्ध्या वाटेतून मागं फिरला. पण ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मास्तर, गाडीत खोट नाही. मी तुम्हाला फेरी मारा म्हणालो होतो."

"म्हणाला होतात," मुकुंद म्हणाला. "चूक माझी. म्हणून तर परत आलोय. हिला गिऱ्हाईक बघा, पण एका अटीवर. येईल त्याला मी स्वतः गाडी फिरवून दाखवणार."

गिऱ्हाईक आलं ते साखर पेठेतले नरसय्या. घरात तेलुगू बोलणारे, स्वतःच्या मागांवर लुगडी विणून घेणारे आणि गठ्ठे बाहेरगावी पाठवणारे. गाडी बघताच खूश झाले. मुकुंद म्हणाला, "आधी बसा. घरच्या माणसांनाही बसवा." नरसय्यांच्या थोरल्या बहिणीला बसवलं, त्यांच्या बायकोला बसवलं. मग मुकुंदानं शिवप्पाला सांगून गाडी मुद्दाम गावाबाहेरच्या एका चाकोरीच्या वाटेवर नेली आणि खर्रर्र आवाज झाल्याबरोबर थांबवली.

"हे बघा. इथं हिचं पोट टेकतं. खेड्यात जायचं असेल तर ही घेऊ नका."

नरसय्यांनी वाकून गाडीचं पोट पाहिलं. मग खो खो हसले. "मास्तर, विकायला आला की मोडायला? माझी वाट साखर पेठ ते स्टेशन, आणि श्रावणात देवळापर्यंत. मला खेडं कशाला?" त्यांनी गाडीच्या दारावर थाप मारली. "दुसऱ्या कोणाकडनं घेतली असती तर मला शंका राहिली असती. आता नाही."

विकण्यात थोडे पैसे बुडाले. पण गाडी योग्य घरी पडली, म्हणून मुकुंदाला त्या रात्री गाढ झोप लागली.

मग दुसऱ्या गाडीचा शोध सुरू झाला. वेणीमाधवरावांनी पहिली आणली ती पुन्हा देखणीच होती, मोरपंखी रंगाची, चाकं उंच. मुकुंदाचा हात नकळत तिच्या रेषेवरून फिरला. पण या वेळी चौघं बसले, मागं वाळूची दोन पोती टाकली आणि गाडी वळसंगच्या पुढं नेली. वरंब्यावर पोट टेकलं नाही. वस्तीच्या अलीकडं मात्र नाकातून वाफ निघायला लागली, आणि पाणी ओतून थंड करेपर्यंत अर्धा तास गेला. वेणीमाधवरावांचा कोट धुळीनं पांढरा झाला होता. ते घाम पुसत म्हणाले, "होतं असं एखादे वेळी. मग, मास्तर?"

मुकुंदानं तोंड उघडलं. दुर्गा मुद्दामच दुसरीकडं बघत होती.

"नको," तो म्हणाला.

आभाळ कोसळलं नाही. वेणीमाधवराव रागावलेही नाहीत. "ठीक आहे," ते म्हणाले, "शनिवारी दुसरी दाखवतो." मुकुंदाला असं हलकं वाटलं, की परत येताना तो शिवप्पाला म्हणाला, "सोपं असतं रे."

"हौद," शिवप्पा म्हणाला.

शनिवारी आली ती एका कंत्राटदारानं दोन वर्षं वापरलेली उघडी गाडी. वर मेणकापडाचं छप्पर, रंग मातकट, आकार खोक्यासारखा. चित्रकलेच्या मास्तरानं तिच्याकडं पाहून एक सुस्कारा सोडला. पण पोट जमिनीपासून चांगलं वर, चाकं दणकट, आणि मागचं बाक उचलून काढलं की माणूस सरळ आडवा होईल एवढी लांब जागा. वस्तीवर पोचेपर्यंत ती ना टेकली, ना तापली. ओढ्यातल्या वाळूतूनही निघाली.

वस्तीवर कोंडीबा दोन्ही हात मागं बांधून तिच्याभोवती फिरला. वाकून खाली पाहिलं, चाकाला लाथ मारून पाहिली. "दात बगितलं का?" त्यानं गंभीरपणे विचारलं, आणि मुकुंद पोट धरून हसला.

"आता रोगी हवा," दुर्गा म्हणाली. "कोण आडवं होतं?"

कोणी पुढं येईना. शेवटी मागचं बाक काढून तिथं टाकलेल्या फळीवर रंभाबाईलाच झोपवलं, वर घोंगडं घातलं आणि शिवप्पानं गाडी वाटेनं एक फेरी नेऊन आणली. सगळी वस्ती बघायला जमली होती. रंभाबाईनं तोंडावर पदर घेतला होता, आणि पदराआड तिचं हसू काही थांबत नव्हतं.

"काय दुखलं, खुपलं?" दुर्गानं विचारलं.

"काय बी न्हाय बया. आनिक येक फेरी मारली तर मला झोप लागंल की!"

परत निघताना दुर्गा शिवप्पाला म्हणाली, "सडक लागली की चाक माझ्याकडं दे. मला शिकायचंय. प्रत्येक वेळी तुझं जेवण होईपर्यंत माझ्या बाया थांबत नाहीत."

शिवप्पानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? चालवणार त्या."

वळसंगजवळ सडक लागली आणि दुर्गा पुढं बसली. शिवप्पा शेजारी बसून एकेक शब्दानं सांगत होता. मागं मुकुंद आणि वेणीमाधवराव परत लावलेलं बाक दोन्ही हातांनी धरून बसले होते. गाडीनं दोन हिसके खाल्ले, एकदा बंद पडली, आणि मग सावकाश चालायला लागली. समोरून येणारा गुळाच्या ढेपांनी भरलेल्या बैलगाडीवरचा गडी तोंड उघडं टाकून बघत राहिला. दुर्गानं हॉर्न वाजवला, तेव्हा त्यानं हात जोडले.

"मग, मास्तर," वेणीमाधवरावांनी विचारलं, "घ्यायची ना?"

"त्यांना विचारा," मुकुंद म्हणाला.

दुर्गानं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "दुधनीकडची वाट अजून पाहिली नाही," ती म्हणाली. "तिकडं दोन नाले आहेत. उद्या सकाळी सातला येता का?"

वेणीमाधवरावांनी कोटावरची धूळ झटकली आणि आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकापुढं मोकळेपणानं हसले. "येतो," ते म्हणाले. "पण उद्या मी कोट घालून येणार नाही."

दुधनीची वाटही पार पडली, आणि सोमवारी ती खोक्यासारखी मातकट गाडी मंद्रूपकरांची झाली. होळीपर्यंत दुर्गा एकटीच ती वळसंगपर्यंत न्यायला लागली. जिथं बैलगाडीनं जाऊन यायला दिवस मोडायचा तिथून ती आता दुपारच्या आत परत येई, आणि त्या वर्षी ज्या वस्त्यांनी कधी डॉक्टर पाहिला नव्हता, तिथंही तिची गाडी जाऊन उभी राहिली. मुकुंद रविवारी तिच्याबरोबर जाई. आणि मंडईत तो आता भेंडीचा शेंडा मोडून बघे. अजून जरा लाजत, पण बघे.